चिमटा

आमच्या मुरगूडच्या पंचक्रोशीत कुणाला जुनी मोटारसायकल घ्यायची झाली की बऱ्याचदा माणूस आधी माझ्याकडं येतो. मी मिस्त्री नव्हे. दहावी झालो आणि शेतीला लागलो. ऊस, भात आणि दावणीला चार म्हशी, यातच सगळं गेलं. पण तरुणपणी बाजाराला आलो की घरी जायच्या आधी तासभर एका मिस्त्रीच्या टपरीवर, पालथ्या डब्यावर बसायची खोड लागली होती. त्याच्या हाताखाली पाने देता देता गाडीच्या पोटातलं कळायला लागलं. मिस्त्री आता नाही. त्याचा पोरगा टपरी चालवतो. पण लोकांना वाटतं, तात्याला गाडीतलं कळतं.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर भाऊबंदातला एक पुतण्या आला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला आहे. तिसरी पाळी लागली की जायला वाहन मिळत नाही, रोज कुणाच्या तरी पाठीमागं बसून जायचं. एकदा सोबती आला नाही म्हणून खाडा पडला, पगार कापला.

"तात्या, निपाणीत एक गाडी बघितलीया. शंभर सीसी, २०१६ ची. अडतीस हजार म्हंतोय. एकदा नजर टाका की."

"कधी बोलावलंय?"

"उद्या दुपारी."

मी म्हटलं, "दुपारी न्हाई. सकाळी सातला जायचं, आणि त्याला न सांगता जायचं."

त्याला हे कोडं वाटलं. मला ते माझ्या वडिलांनी बैलाच्या बाजारात शिकवलं होतं. बैल घेताना सगळे दात बघतात. आदत आहे, दोनदाती आहे, का जुळलाय. दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव करतो. वडील मात्र म्हणायचे, दात पोरंबी बघत्यात, तू बैल उठताना बघ. पायात कळ असलेला बैल सकाळी उठताना अवघडतो. चार पावलं चालला, अंग तापलं, की सरळ चालतो. म्हणून दलाल बाजाराआधी त्याला फिरवून आणतो. गाडीचं तसंच आहे. आपण जायच्या आधी मालकानं गाडी चालू करून तापवून ठेवली, तर तिचं अर्धं दुखणं झाकलं जातं. म्हणून मी गाडीजवळ गेलो की रामराम करायच्या आधी इंजिनला हात लावतो. गार असेल तरच पुढं बघायचं. गरम लागलं तर चहा घ्यायचा, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या, आणि ती गार होईपर्यंत उठायचं नाही.

गार गाडीला किक मारायची. बटन स्टार्ट असलं तरी किकच मारायची, कारण पायाला जे कळतं ते बोटाला कळत नाही. किक खाली जाताना इंजिननं पायाला थोडं उलटं रेटलं पाहिजे. नुसतीच सरसर खाली गेली तर आत दम राहिलेला नाही. रिंगा गेल्यात नाही तर व्हॉल्व्ह धरत नाही. चोक ओढून तिसऱ्या-चौथ्या किकेला लागली तर ठीक म्हणायचं. लागली की कान द्यायचा. वरच्या बाजूला बारीक टिकटिक असेल तर ते टॅपेट. पान्यानं बसवून घेतलं की थांबतं, त्याची भीती नाही. डाव्या अंगाला डब्यात खडे हलवल्यासारखी खरखर आली तर बहुतेक टायमिंग चेन. शंभर सीसीच्या गाड्यांना हे वयोमानाचं दुखणं आहे, माणसाचा गुडघा वाजतो तसं. खर्च आहे, पण मरण नाही. आणि गाडी जोरात काढताना खालून ठक ठक असा जड आवाज आला, तर मात्र हात जोडून परत यायचं. तो क्रँकचा आवाज. त्याला सगळं इंजिन उकलावं लागतं, आणि स्वस्तात घेतलेली गाडी नवीपेक्षा महाग पडते.

काही विकणारे इंजिनात मुद्दाम जाड ऑइल घालतात, म्हणजे आवाज दबतो. पोरांना हे माहीत नसतं. शंभर सीसीच्या इंजिनात ऑइल मावतं पाऊण-एक लिटर. एवढ्याशा ऑइलवर ते रोज पन्नास-साठ किलोमीटर पळतं, वर उन्हाचं आणि ओझ्याचं. ज्या मालकानं ते वेळेवर बदललं नाही, त्यानं गाडीला नुसतं राबवलं, खायला घातलं नाही.

धुराचं एक सांगतो, कारण त्यात लोक फार फसतात. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते, ती गाडी तापल्यावर थांबते, तिला भ्यायचं नाही. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय; एअर फिल्टर कोंबलेला असेल, नाही तर कार्बोरेटर बिघडलाय. खरा वैरी निळसर धूर. तो ऑइल जळल्याचा. मिस्त्री सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून बघायचा. कोरडी काजळी आली तर बरं, तेलकट काळं आलं तर मान हलवायचा.

आमच्या तरुणपणी असलं बघायला गाड्याच नव्हत्या. पैसेवाल्याकडं बुलेट, नाही तर येझदी, राजदूत. मास्तरांकडं लुना. १९८५ साली हिरो होंडाची सीडी हंड्रेड आली आणि पेट्रोलात ऑइल मिसळायचं झंजट गेलं. पुढं १९९४ ला स्प्लेंडर आली. उसाचं बिल जमा झालं की दोन-तीन घरांपुढं हळदीकुंकू लावलेली गाडी उभी राहायची. मग एकेका गाडीनं तीन-तीन मालक बघितले. पहिला मालक हौसेचा, दुसरा गरजेचा आणि तिसरा नाइलाजाचा. मी नेहमी दुसरा मालक होतो.

मीटरवर किती किलोमीटर आहे हे मी बघत नाही. जुन्या गाडीच्या मीटरची केबल हातानं सैल केली की तो जागेवर थांबतो. मी ब्रेकच्या पायटीचं लोखंड, किकचं रबर आणि हँडलच्या मुठी बघतो. हेच गाडीचे दात. मीटर म्हणतोय वीस हजार आणि पायटी घासून आरशासारखी गुळगुळीत झालीय, तर दोघांपैकी पायटी खरं बोलते. मागच्या स्प्रॉकेटचे दात बघायचे. ते कोयत्यासारखे एका बाजूला वाकले असले की चेन-किट गेलं. चेन मागच्या टोकाला धरून ओढायची. ती दातावरून अर्धी उचलली गेली तर तीच गोष्ट. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवायचं. मधोमध ते खाचेत बसल्यासारखं अडलं तर कोनसेट संपला. पुढचा ब्रेक दाबून दोन-चारदा दाबदाबी करायची आणि पाइपवर बोट फिरवायचं, तेल लागलं तर सील गेलं. ही सगळी दुखणी पैशानं मिटणारी आहेत. भाव करताना कामाला येतात, एवढंच.

पुराच्या गाडीचं मात्र वेगळं. २०१९ च्या ऑगस्टात आणि परत २०२१ च्या जुलैत आमच्या नद्यांनी काय केलं ते सगळ्यांनी बघितलं. माणसं जनावरं घेऊन बाहेर पडली, गाड्या अंगणात राहिल्या. पाणी उतरल्यावर त्या धुऊन-पुसून उभ्या केल्या आणि काही महिन्यांनी त्यांतल्या बऱ्याच लांबच्या गावांत विकल्या गेल्या. माझ्या थोरल्या पोरानं तसलीच एक घेतली, मला न विचारता. चकाचक होती. भावही असा की मला न विचारण्यासारखाच. दोन महिन्यांत चाकाचे बेअरिंग घरघरायला लागले, मग सेल्फ बंद, मग दिवे. मिस्त्रीच्या पोरानं वायर कापून दाखवली. आतली तांब्याची तार हिरवी पडली होती. पुढच्या दिव्याची वाटी काढली तर तळाशी वाळलेला गाळ. तसला बारीक, पिवळट, पूर ओसरल्यावर उसाच्या पानांवर बसतो तो. तेव्हापासून मी सीट काढून खाली बघतो, एअर फिल्टरच्या डब्यात हात घालतो आणि वास घेतो. पोरं हसतात. पण नदीचा वास गाडीतून लवकर जात नाही. ऑइल दुधट दिसलं तर विचारायलाच नको, या गाड्यांच्या इंजिनात पाणी नसतंच. ते बाहेरूनच आलेलं.

तर आम्ही सकाळी निपाणीला पोचलो. गाव ओलांडून एका मळ्यात घर. विकणारा दलाल नव्हता, आमच्यासारखाच शेतकरी, तंबाखू करणारा, चाळिशीचा. दात घासत बाहेर आला आणि आम्हाला बघून जरा गडबडला. "दुपारी येनार म्हनला हुता न्हवं?"

"पाळी बदलली पोराची," मी ठोकून दिलं.

गाडी गार होती. दुसऱ्या किकेला लागली. आवाज गोड, धूर नाही, क्लच हलका. गियर एकेक करून टाकले. पुतण्याचं तोंड उजळलं. मी कागद मागितले. गाडी कर्नाटकची, के.ए. २३, चिकोडी पासिंग. सीमेवरच्या माणसाला हा एक जादा ताप. जमिनीचा सातबारा बघताना आपण इतर हक्काचा रकाना आधी बघतो, कुणाचा बोजा आहे का म्हणून. आरसी बुकावरही तसंच बघायचं. कर्जावर घेतलेली असेल तर बँकेचं किंवा फायनान्सचं नाव असतं आणि ते उतरवल्याशिवाय गाडी आपली होत नाही. वर दुसऱ्या राज्याची गाडी म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी, मग कोल्हापुरात टॅक्स भरून एम.एच. ०९ चा नवा नंबर. बारा महिन्यांच्या वर गाडी इकडं ठेवायची तर हे करावंच लागतं. खाजगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांचं, म्हणजे या गाडीला २०३१ पर्यंत. बोजा नव्हता. हँडलखालच्या नळीवरचा चेसिस नंबर आणि इंजिनवरचा नंबर चिंधीनं पुसून पुस्तकाशी ताडून बघितले. जुळले.

"मग तात्या, उरकायचं?" पुतण्या म्हणाला. खिशावर हात होता त्याचा.

मी गाडी मधल्या स्टँडला लावली आणि खाली बसलो. या वयात गुडघे दुखतात, पण इथं बसल्याशिवाय मी गाडी घेऊ देत नाही. मागच्या चाकाला जो दुहेरी दांडा धरतो, ज्याच्या दोन पायांत चाक बसतं, त्याला मिस्त्री लोक चिमटा म्हणतात. चुलीवरच्या चिमट्यासारखाच दिसतो. चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडं हलवलं. किंचित हाललं. बुश झिजले असतील, चालायचं. मग अंगठा चिमट्याच्या खालच्या बाजूनं फिरवला. शॉकअप जिथं बसतो त्याच्या जरा पुढं अंगठा अडला. गाठ होती. वरून काळा रंग, ताजा. बाकी सगळ्या चिमट्यावर चिखलाची पुटं आणि एवढीच वीतभर जागा नवी नवरी.

मी वर बघितलं. तो शेतकरी गाडीकडं बघत नव्हता. मळ्याकडं बघत होता.

ती मान मला ओळखीची होती. २००३ साली मी तशीच फिरवली होती.

तेव्हा माझ्याकडं शंभर सीसीची गाडी होती, दुसऱ्या हाताची. तिच्यावर मी पन्नास किलोची खताची पोती आणली, वैरणीचे भारे आणले, बायको-पोरं नेली. ही गाडी दोन माणसांसाठी केलेली असते, आपण तिचा बैल करतो. एक दिवस मागचं चाक लाडात आल्यासारखं डुलायला लागलं. मिस्त्रीनं बघितलं, चिमट्याला चीर गेली होती. म्हणाला, "नवा टाक. वेल्डिंग करू नगंस. गाठ टिकती, पर गाठीच्या कडंचं लोखंड भाजून ठिसूळ हुतंय, चीर तिथनं परत फुटतीया." मी मान हलवली आणि पन्नास रुपयांत वेल्डिंग मारून घेतलं. त्या साली पाऊस नव्हता, ऊस वाळला होता, पैसे नव्हते. महिन्यानं ठरवलं, गाडीच विकायची. घरात दाराला लावून उरलेला काळा ऑइलपेंट होता.

घ्यायला आले ते शेजारच्या वाडीचे आण्णा. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे, घरोघरचं दूध गोळा करून घालणारे. त्यांनी इंजिन ऐकलं, लाइट लावून बघितला, टायर बघितले. खाली वाकले नाहीत. माझ्यावर भरवसा होता. "तुझी गाडी म्हंजी बघायचं काय त्यात," असंच म्हणाले. चौदा हजार मोजले. मला माहीत होतं की ते दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन बांधणार.

श्रावणात उतारावर चिमटा तुटला. चाक आडवं झालं, आण्णा गाडीखाली. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. एक म्हैस विकावी लागली. वर्षभर दुधाचं काम बंद, ते दुसऱ्यानं धरलं, परत मिळालं नाही. आजही ते डावा पाय ओढत चालतात. मी दवाखान्यात केळी घेऊन गेलो होतो. कॉटजवळ उभा राहून म्हणालो, "रस्ता लई वाईट झालाय आण्णा, खड्डाच घात करतोय." त्यांनी नुसतं हूं केलं.

कुणी मला फसवलं की मी ते चार जणांना सांगत हिंडतो, वर पुराच्या गाडीचं सांगितलं तसं. हे मात्र मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. लोक म्हणतात तात्याला गाडीतलं कळतं. मी खाली वाकायला कधीपासून लागलो हे कुणी विचारलं नाही.

त्या शेतकऱ्याला मी बाजूला घेतलं. पोरासमोर काही बोललो नाही.

"चिमटा कधी तुटला?"

तो गप्प. मग म्हणाला, "तंबाखूची बोदं न्हेत हुतो. वेल्डिंगवाला म्हनला, आता मरस्तवर बघायला नगं."

"तुझ्या पोरानं चालवली असती का ही?"

"म्हनून तर इकायला काढली," तो म्हणाला, आणि स्वतःच जे बोलला ते ऐकून थबकला.

मी त्याला शिव्या दिल्या नाहीत, मला तो अधिकार नव्हता. म्हटलं, इंजिन चांगलं आहे, गाडी आम्ही घेतो. नवा कंपनीचा चिमटा आणि मजुरीचे पैसे वजा कर. तो लगेच कबूल झाला, वर आणखी पाचशे स्वतःहून सोडले. पुतण्याला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग आता चालवत न्हेऊया की तात्या. हळू जातो. मुरगुडात गेल्यावर बदलू." मी नको म्हटलं. त्याला राग आला. टेम्पोला भाडं द्यायचं म्हणजे त्याचे वाचलेले पैसे परत गेले. तोंड फुगवून बसला, पण गाडी टेम्पोतूनच आणली. भाडं मी दिलं.

मिस्त्रीच्या पोरानं चिमटा काढून फरशीवर ठेवला, रंग खरवडला. गाठीच्या कडेनं केसासारखी रेघ होती, नळीच्या निम्म्या घेरापर्यंत गेलेली. पुतण्या बराच वेळ त्या रेघेकडं बघत बसला. नंतर कधी भाड्याचा विषय काढला नाही.

हे लिहायला घेतलं तेव्हा वाटलं, छापून यायच्या आधी आण्णांना तोंडानं सांगितलं पाहिजे. त्यांची नात वाचते, तिच्याकडून कळायला नको. एका संध्याकाळी वाडीवर गेलो. ते सोप्यात बसून दोर वळत होते. मी आधी पावसाचं बोललो, मग कारखान्याच्या तोडीचं. मग एका दमात सगळं सांगून टाकलं. वेल्डिंग, पन्नास रुपये, ऑइलपेंट.

त्यांचा हात थांबला नाही.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "मिस्त्रीनं तवाच दावलं हुतं. तुटल्याला चिमटा त्येच्याकडंच न्हेलता की."

"मग इतकी वर्सं बोलला का न्हाईसा?"

"दवाखान्यात आलास तवा वाट बघिटली. तू खड्ड्याचं काढलंस." दोराचा पीळ त्यांनी पायाच्या अंगठ्यात धरून घट्ट केला. "मग म्हटलं, ऱ्हाऊ दे."

आतून सुनेनं चहा आणला. आम्ही दोघांनी बशीत ओतून घेतला. दारात त्यांच्या नातवाची गाडी उभी होती, मागं दुधाचे दोन कॅन लटकवलेले. आण्णांनी बशी खाली ठेवली, हनुवटीनं तिकडं दाखवलं आणि म्हणाले, "आलाईस तर जरा खाली वाकून बघ की. पोरगं म्हंतंय, मागलं चाक हलतंय."

मी उठलो आणि बॅटरी मागितली.